सत्तरीनंतरची दर्याची सफर

आपल्या घरांमध्ये सफर निघते ती साधारण तीन कारणांनी. लग्नकार्य, दवाखाना, नाहीतर हज-उमराह. चौथं कारण सांगायला गेलं की मोठी माणसं आधी चेहऱ्याकडे पाहतात आणि मग विचारतात, "कशाला?" या 'कशाला'ला उत्तर देणं अवघड जातं. नुसतं बघायला, चार दिवस निवांत बसायला, असं उत्तर द्यायची आपल्याला सवयच नाही. आणि माणूस सत्तरीच्या पुढचा असेल, तर दुसऱ्या कुणी विचारण्याआधी त्याने स्वतःलाच 'कशाला' विचारून विषय संपवलेला असतो.

त्यातही समुद्राची सफर म्हटली की आपल्या लोकांसाठी ती एकच होती, मुंबई ते जेद्दाह. 1877 साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे मुघल लाइन म्हणून ओळखली गेलेली कंपनी पिढ्यान् पिढ्या हाजींना नेत-आणत राहिली. 'इस्लामी', 'मोहम्मदी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही जहाजांची नावं जुन्या माणसांच्या तोंडी नातेवाइकांच्या नावांसारखी असायची. 1986 मध्ये ही कंपनी शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि 1995 पासून जहाजाने हजला जाणं बंद झालं. आता सगळे विमानाने जातात. काही तासांत एहराम बांधलेला माणूस जेद्दाहला उतरतो. समुद्र आपल्या घरांतून निघून गेला, राहिल्या त्या फक्त गोष्टी.

आमच्या घरातली गोष्ट दादांची, म्हणजे अब्बांच्या वडिलांची. ते 1968 च्या सुरुवातीला 'मोहम्मदी' जहाजाने हजला गेले. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असलेले अब्बा त्यांना पोहोचवायला मुंबईला गेले होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात त्यांनी रात्री काढल्या आणि मग गोदीवर उभं राहून जहाज सुटताना पाहिलं. आठवड्याहून जास्त दिवसांचा तो प्रवास. दादा परत आले ते जमजमचे डबे, खजूर आणि समुद्राच्या हकिगती घेऊन. एक हकिगत घरात सगळ्यांना पाठ आहे. जहाजावर एक बुजुर्ग वारले. त्यांना गुसल दिलं, कफन घातलं, डेकवर जनाज्याची नमाज झाली आणि मग वजन बांधून मय्यत पाण्यात सोडली. दादा हे सांगताना आवाज खाली आणायचे. आमच्या अम्मी नवी नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हा त्यांनी ती दादांच्याच तोंडून ऐकली आणि समुद्राची जी धास्ती घेतली ती कायमची.

आम्ही राहतो पुणतांब्याला. गोदावरीच्या काठचं गाव, चांगदेव महाराजांच्या समाधीचं. 2017 च्या जून महिन्यात शेतकऱ्यांचा संप इथूनच सुरू झाला, तेव्हा पेपरमधून हे नाव राज्यभर पोहोचलं. एरवी लोक गावाला ओळखतात ते स्टेशनमुळे. दौंड-मनमाड मार्गावरून साईनगर शिर्डीकडे जाणारा फाटा इथे फुटतो. अब्बांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. ते सांधेवाला होते, रेल्वेच्या भाषेत पॉइंट्समन. रात्री-अपरात्री हिरवा कंदील धरून त्यांनी हजारो गाड्या मार्गी लावल्या. स्वतः मात्र फार कुठे गेले नाहीत. निवृत्त कर्मचाऱ्याला रेल्वेकडून दरवर्षी मोफत पास मिळतात. आमच्या घरात त्यातले कितीतरी तसेच मुदत संपून वाया गेले. हज अल्हम्दुलिल्लाह अब्बा-अम्मींनी मिळून केला, विमानाने. त्यानंतर दोघांचंही म्हणणं एकच, "अब हमकू क्या करना है?"

तीन वर्षांपूर्वी अब्बांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. या आजारात नजर कडांकडून कमी होत जाते. समोरचं दिसतं, पण बाजूचं नाहीसं होतं, एखाद्या नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. थेंब वेळेवर घातले तर उरलेली जास्तीत जास्त दिवस टिकवता येते. दवाखान्यातून परतताना एसटीत अब्बा बराच वेळ गप्प होते. मग खिडकीबाहेर बघत, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "गोदीवरून जहाज बाहेरून पाहिलं होतं. आतून कसं असतं, ते राहूनच गेलं."

आम्ही दोघंही शिक्षक. एक जण उर्दू शिकवतो, एक जण मराठी. मुलगी लोणीला शिकते. घरात कमाई आहे, पण लाख-दीड लाख सहज बाजूला काढावेत अशी नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी आपसात ठरवलं की स्टाफरूममधल्या भिशीचा आपला नंबर या कामासाठी ठेवायचा. सुलभ हप्त्यांवर सहलीला नेणाऱ्यांच्या जाहिराती रोज दिसतात. पण सैर करायची आणि तिचं व्याज भरत बसायचं, हे आम्हाला पटणारं नव्हतं. दोन वर्षं थांबलो. जकात नेहमीसारखी निघाली, मुलीची फी भरली, कुणाचं कर्ज डोक्यावर नव्हतं. तेव्हा कुठे घरात विषय काढला.

अब्बांचं उत्तर तयार होतं, "कशाला?" नातेवाइकांत बातमी गेल्यावर सल्ले येऊ लागले. एकाने विचारलं, "हज झाल्यावर सैरसपाटा शोभतो का?" दुसऱ्याने सुचवलं, "त्याच पैशात एखाद्या यतीम मुलीचं लग्न होईल." तिसऱ्याचं म्हणणं, "लाख रुपये पाण्यात घालायचे तर गोदावरी काय वाईट आहे?" हे टोमणे नव्हते, आपल्याकडे खरोखर असाच विचार केला जातो. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. म्हणून आम्हीही आमच्या मनाला विचारलं. कर्ज काढून, हक्कदाराचा हक्क मारून किंवा दिखाव्यासाठी केलेला खर्च हा इस्राफ. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पास करणाऱ्या बापाला नजर आहे तोवर समुद्र दाखवणं, यात उधळपट्टी कुठे आली? ज्या घरात लग्नात तीन दिवस जेवणावळी चालतात आणि कुणी इस्राफचं नाव काढत नाही, तिथे म्हाताऱ्या माणसाच्या आनंदापाशीच तो शब्द का आठवावा? हे आम्ही कुणाशी भांडून बोललो नाही. तिकिटं काढली.

खरी अडचण अम्मींची होती. अम्मी मूळच्या वैजापूरकडच्या. पाणी त्यांनी पाहिलंय ते पुराचं. ऑगस्ट 2019 मध्ये गोदावरीला महापूर आला, तेव्हा रात्रभर त्या तसबीह घेऊन जाग्या होत्या. "माणसाला माती मिळायला पाहिजे," एवढंच त्या म्हणायच्या. त्यामागे दादांची ती हकिगत होती. आम्ही समजावलं की दोन रात्री आणि एक दिवस गेला की बेट येतं, जहाजावर डॉक्टर असतो, आताची जहाजं वेगळी असतात. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी त्या तयार झाल्या ते आमच्या समजावण्याने नव्हे. अब्बा म्हणाले होते, "तू नाही तर मीही नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "जायचं तर दोघं, यायचं तर दोघं."

बॅगा भरताना त्यांच्या कपड्यांच्या तळाशी एक पांढरं बोचकं दिसलं. हजहून येताना दोघांनी आपापलं कफन जमजमने धुऊन आणलं होतं, ते. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. "असू दे सोबत," त्या म्हणाल्या. आम्ही ते पुन्हा होतं तसं ठेवलं.

भारतातून क्रूझची सफर हा तसा नवा प्रकार आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' जहाज सुरू झालं, तेव्हा बऱ्याच मराठी माणसांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाऊ लागलं. आम्ही गेलो ते याच जहाजाने, दिवाळीच्या सुट्टीत, मुंबई-लक्षद्वीप-मुंबई अशा चार रात्रींच्या सफरीला. जहाज 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं आहे. अकरा मजले आणि दोनशे मीटरहून जास्त लांबी. पुणतांब्याच्या फलाटावर नऊ डब्यांची गाडी उभी केली तर जेवढी होईल, तेवढं लांब, असा हिशेब अब्बांनी लगेच केला.

बॅलार्ड पिअरला पोहोचल्यावर आधार कार्डं तपासली, सामानाची तपासणी झाली आणि आम्ही एका पुलावरून आत शिरलो. आत शिरल्याचं कळलंसुद्धा नाही. अब्बा मधेच थांबले आणि विचारलं, "जहाज कुठे आहे?" आम्ही म्हटलं, "अब्बा, आपण जहाजातच आहोत." त्यांनी भिंतीला हात लावला. हॉटेलसारखे गालिचे, लिफ्ट, झुंबर. एवढी वर्षं मनात असलेलं जहाज आतून असं असेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना धोक्याच्या वेळचा सराव करावा लागतो. इटलीजवळ 2012 मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाल्यानंतर हा नियम जगभर कडक झाला. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते शिकायचं. आम्हाला वाटलं, अम्मी आता घाबरणार. झालं उलटंच. त्यांनी सगळं नीट पाहिलं, बंद कुठे आवळायचा ते त्या माणसाला पुन्हा दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, "म्हणजे यांनी विचार केलेला आहे." धास्ती बहुधा तिथेच अर्धी उतरली. दादांच्या हकिगतीत माणसाने पाण्यापुढे हात टेकले होते. इथे माणसं आधीच तयारीत होती.

संध्याकाळी जहाज सुटलं. अब्बा डेकवर कठड्याला धरून उभे राहिले ते मुंबईचे दिवे पुसट होईपर्यंत. गोदीवर कुणी हात हलवणारं नव्हतं. पण आमच्या मनात आलं की पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी एक मुलगा तिथे खाली उभा होता, आणि आज तोच वर उभा आहे.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रातला. आणि ज्यांच्यासाठी ही सफर काढली, ते अब्बा सकाळपासून पलंगावर. समुद्र लागला होता. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय हलण्याची वर्दी देतं, या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. उपाय दोनच, गोळी आणि दूर क्षितिजाकडे नजर. गोळी आम्ही डॉक्टरांना विचारून आणली होती, त्यांच्या डोळ्यांच्या औषधाचं सांगूनच. काचबिंदूच्या माणसाने असं विचारल्याशिवाय कोणतीही गोळी घेऊ नये, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. दुपारपर्यंत त्यांना डेकवर आणून खुर्चीत बसवलं, मोकळा वारा लागला, लिंबू-मीठ दिलं आणि असरपर्यंत ते सावरले.

तोवर अम्मींनी जहाज पालथं घातलं होतं. काठी टेकत त्या सातव्या मजल्यावरून दहाव्यावर गेल्या, स्वयंपाकघराचं दार शोधून आले म्हणाल्या, पोहण्याच्या तलावात खेळणाऱ्या लेकरांना बघत बसल्या, नांदेडकडच्या एका बाईशी ओळख काढून आल्या. दुपारच्या जेवणाला ताट वाढून समोर आलं तेव्हा त्या जरा वेळ नुसत्याच बसल्या. जेवण झाल्यावर सवयीने चौघांची ताटं एकात एक रचून उचलायला लागल्या. तिथल्या पोराने धावत येऊन हातातून घेतली. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्या काहीतरी पुटपुटल्या. रात्री खोलीत आम्हाला म्हणाल्या, "लग्न होऊन एक्कावन्न वर्षं झाली. बाळंतपणं आणि हज सोडले तर कांदा कापला नाही असा दिवस आठवत नाही." तक्रार म्हणून नव्हे, नुसता हिशेब म्हणून.

आम्ही दोघं त्या रात्री बराच वेळ जागे होतो. ही सफर अब्बांची, असं आम्ही दोन वर्षं म्हणत होतो. अब्बांची इच्छा आम्हाला ऐकू आली, कारण त्यांनी ती एकदा का होईना बोलून दाखवली. अम्मींना कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनी स्वतःला तर मुळीच नाही.

वाचकांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगायला हव्यात. मोठ्या क्रूझवर बार असतात, कॅसिनो असतो, रात्री नाचगाणी असतात. ते मजले आणि त्या वेळा कळून घेतल्या की टाळता येतात, आम्हाला कुणी कसला आग्रह केला नाही. जेवणात शाकाहारी पदार्थ भरपूर असतात. मांसाहार हलाल आहे का, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावं आणि जहाजावर पुन्हा विचारावं. जिथे पक्की खात्री झाली तेवढंच आम्ही घेतलं, बाकी डाळ-भात, भाज्या आणि फळं. खोली शक्यतो खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर मागावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात.

नमाजचा प्रश्न अब्बांनी आधीच आमच्यावर सोपवला होता. सफर 48 मैलांहून लांबची, त्यामुळे चार रकातींच्या फर्ज नमाजा कसर, दोन रकाती. चक्कर येत असेल तर बसून पढण्याची मुभा आहेच. राहिला किब्ला. मुंबईहून अगत्ती बेट जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे 900 किलोमीटर. म्हणजे जाताना पश्चिम सतत उजव्या हाताला आणि येताना डाव्या. आम्ही उजव्या बाजूची खोली मागून घेतली होती. जाताना खिडकीकडे तोंड केलं की किब्ला, येताना खिडकीकडे पाठ. एक बारीक फरक मात्र पडतो. मुंबईत किब्ला पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण दहा अंश झुकलेला असतो, लक्षद्वीपला तो वीस अंशांहून जास्त झुकतो. वहीत आकृती काढून अब्बांना हे समजावलं, तेव्हा त्यांनी ती आकृती घडी करून खिशात ठेवली.

त्याच रात्री ध्रुवतारा दाखवला. गावाकडे तो क्षितिजापासून जवळपास वीस अंश वर असतो. जहाज दक्षिणेला जाईल तसा तो खाली येतो आणि अगत्तीजवळ अकरा अंशांवर येतो. ताऱ्याची उंची बोटांनी मोजून आपण कुठवर आलो हे ओळखायची विद्या अरबी समुद्रातल्या खलाशांकडे शेकडो वर्षं होती. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिद या अरब नाखव्याने त्यावर ग्रंथ लिहिले. अब्बांना ध्रुवतारा सापडायला वेळ लागला. नळीएवढ्या नजरेत आभाळाचा एक एक तुकडा घेऊन शोधावा लागतो. सापडला तेव्हा त्यांनी हात लांब करून, बोटं आडवी धरून मोजलं. सिग्नल पाहण्यात ज्यांची नोकरी गेली, त्यांना दुरून एक दिवा ओळखणं नवं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा रंग बदलला. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची. प्रवाळाचं कडं समुद्राच्या लाटा बाहेरच अडवतं आणि आतलं उथळ पाणी पांढऱ्या वाळूवर हिरवं-निळं दिसतं. मोठं जहाज बेटाला लागू शकत नाही, लहान होड्यांतून जावं लागतं. होडीत उतरताना चौघा खलाशांनी अम्मींना अलगद धरलं.

लक्षद्वीपच्या 36 बेटांपैकी दहांवर वस्ती आहे. 2011 च्या जनगणनेत सगळ्यांची मिळून लोकसंख्या 64,473 होती, आणि त्यांतले शंभरातले शहाण्णवहून जास्त लोक मुसलमान. अगत्तीची रुंदी कशीबशी एक किलोमीटर, रस्त्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना समुद्राचा आवाज. नारळाची झाडं, वाळत घातलेला टुना मासा, सायकलवरून शाळेत निघालेल्या डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुली. तिथे समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे. समुद्राच्या वरच्या थरातलं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करून, खोल थरातल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी करायची. 2011 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. टँकर आणि पाण्याच्या आवर्तनाच्या तारखांवर जगणाऱ्या आमच्या नगर जिल्ह्यातल्या माणसांना हे ऐकून बरंच काही वाटतं.

जोहर आम्ही तिथल्या मशिदीत पढलो. अम्मी तेवढा वेळ एका घराच्या ओट्यावर बसल्या, त्या घरातल्या बाईने त्यांना शहाळं दिलं. इमाम तिथलेच रहिवासी, म्हणून त्यांच्यामागे आमच्याही चार रकाती पूर्ण. तिथले लोक शाफई मसलकाचे, आम्ही हनफी. हात बांधण्याची, उचलण्याची पद्धत निराळी, सफ एकच. नमाजनंतर एका म्हाताऱ्या नाखव्याने अब्बांचा हात धरला. तो मल्याळम बोलत होता, अब्बा दखनी. सलामच्या पुढे एकाचा शब्द दुसऱ्याला कळत नव्हता. दोघं दहा मिनिटं बोलले.

मग काचेच्या तळाच्या होडीत बसलो. खाली प्रवाळाची झाडं आणि त्यांतून रंगीत मासे. अब्बा वाकून बघत होते, पण मासा त्यांच्या नजरेच्या तुकड्यात यायचा आणि क्षणात निघून जायचा. ते म्हणाले, "जाऊ दे." तेव्हा अम्मी त्यांच्याजवळ सरकल्या. त्यांनी अब्बांचं बोट धरून काचेवर ठेवलं. "इथे निळा आहे, पिवळ्या पट्ट्याचा. आता इकडे वळला. थांबा, परत येतोय." बोट काचेवरून फिरत राहिलं. अब्बा मधून मधून म्हणत होते, "हां, दिसला." खरंच दिसला की अम्मींसाठी म्हणाले, ते आम्ही विचारलं नाही. अम्मी एवढं सलग बोलताना आम्ही याआधी कधी ऐकल्या नव्हत्या.

परतीच्या दिवशी फोनला रेंज नव्हती आणि कुणाला तिची आठवणही नव्हती. पहाटे फजरनंतर दोघं डेकवर शेजारी शेजारी बसले होते. आम्ही लांबूनच पाहिलं आणि गेलो नाही.

गावी येऊन आता काही महिने झाले. अब्बांची नजर आहे तेवढीच आहे, थेंब चालू आहेत. ते पांढरं बोचकं पुन्हा लोखंडी कपाटात गेलं. स्टेशनच्या बाकावर संध्याकाळी बसणारी मंडळी अब्बांना सफरीचं विचारतात. आधी नावं ठेवणाऱ्यांपैकी एक जण हळूच खर्च विचारून गेले.

क्रूझलाच जा, असं आम्ही म्हणत नाही. खर्च मोठा आहे आणि प्रत्येकाला तो जमेलच असं नाही. कुणाच्या आईला माहेरचं गाव बघायचं असेल, कुणाच्या वडिलांना जुन्या दोस्ताला भेटायचं असेल. फर्ज अदा झाले असतील, कर्ज नसेल, डॉक्टरांची परवानगी असेल, तर त्यांचं 'कशाला' ऐकून विषय बंद करू नका. थोडे दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा. अब्बांना विचाराल तेव्हा अम्मींनाही वेगळं विचारा. डोळे, गुडघे, दम, यांतलं काय आधी जाईल ते अल्लाहला ठाऊक.

रेल्वेचे यंदाचे पास वाया घालवायचे नाहीत, असं अम्मींनी बजावून ठेवलं आहे. कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. त्यांच्या मनात कोची आहे. ते जहाजावर भेटलेल्या नांदेडच्या बाईंनी सांगितलेलं, असं अब्बा म्हणतात.